चार मीटर एकसष्ट : दीपा मलिक आणि एफ-५३

रिओ द जनेरो येथील पॅरालिम्पिक स्पर्धेत १२ सप्टेंबर २०१६ रोजी स्त्रियांच्या एफ-५३ गोळाफेकीत दीपा मलिक यांनी ४.६१ मीटरची फेक करून रौप्यपदक मिळवले आणि पॅरालिम्पिक पदक मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांची नोंद झाली. सुवर्णपदक मिळवणाऱ्या बहारीनच्या फातिमा नेधाम यांची फेक ४.७६ मीटर, तर कांस्यपदक मिळवणाऱ्या ग्रीसच्या दिमित्रा कोरोकिडा यांची ४.२८ मीटर होती. सोव्हिएत संघाच्या नताल्या लिसोव्हस्काया यांनी १९८७ मध्ये नोंदवलेला स्त्रियांच्या गोळाफेकीचा २२.६३ मीटरचा विक्रम ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे आकडे प्रथम वाचताना छपाईची चूक झाली असावी असे वाटण्याचा संभव आहे. चूक नाही, मात्र या आकड्यांचा अर्थ ज्या वर्गात ते नोंदले गेले त्या वर्गाबाहेर लागत नाही, आणि मलिक यांच्या कारकिर्दीची वळणेही त्यांच्या जिद्दीइतकीच त्या वर्गाच्या नियमांनी आणि वेळापत्रकांनी ठरवली आहेत. त्यांच्याविषयी आजवर जे विपुल लिहिले गेले त्यात जिद्दीची बाजू पुरेशी येऊन गेली आहे, दुसरी बाजू क्वचितच आली आहे.

पॅरा मैदानी खेळांतील वर्ग एका अक्षराने आणि दोन अंकांनी दाखवले जातात. ‘टी’ म्हणजे धावपट्टीवरील शर्यती (उंच उडी व लांब उडीही त्यातच मोडतात) आणि ‘एफ’ म्हणजे फेकीचे प्रकार. अंकांपैकी पहिला अपंगत्वाचे स्वरूप सांगतो : अकरा ते तेरा हे दृष्टिदोषाचे वर्ग, वीस हा बौद्धिक अक्षमतेचा, तिसाच्या पुढचे मेंदूतील बिघाडामुळे स्नायूंवरचा ताबा बिघडलेल्यांचे, चाळीस व एक्केचाळीस खुज्या उंचीच्या खेळाडूंचे, त्यानंतरचे हातापायातील उणिवेचे, आणि एक्कावन्न ते सत्तावन्न हे प्रामुख्याने मज्जारज्जूच्या इजेमुळे किंवा पोलिओसारख्या आजारामुळे बसूनच फेक करू शकणाऱ्यांचे. दुसरा अंक अपंगत्वाची तीव्रता दाखवतो आणि तो जितका लहान तितकी शरीरात उरलेली ताकद कमी असते. वर्ग ठरवणारे तज्ज्ञ, म्हणजे डॉक्टर, भौतिकोपचारतज्ज्ञ आणि खेळाचे जाणकार, खेळाडूला टेबलावर बसवून एकेका स्नायूची ताकद हाताने जोखतात, नंतर प्रत्यक्ष फेक करताना तिचे निरीक्षण करतात आणि मग वर्ग बहाल करतात. पुढे हा वर्ग बदलला, तर वर्षानुवर्षे मिळवलेले विक्रम आणि क्रमवारीतील स्थान एका दिवसात निरुपयोगी होऊ शकते.

एफ-५३ या वर्गात खांदा, कोपर आणि मनगट यांची ताकद जवळपास पूर्ण असते, बोटांच्या हालचालीवर मर्यादा असतात आणि धडाच्या स्नायूंवर ताबा नसतो. शेजारच्या एफ-५४ मध्ये हात पंजापर्यंत धड असतात, पण धडावर ताबा तिथेही नसतो. एफ-५५ पासून पुढे पोटाचे व पाठीचे स्नायू थोडेथोडे साथ देऊ लागतात. याचा गोळाफेकीवर काय परिणाम होतो हे समजण्यासाठी उभ्याने फेकणारी खेळाडू काय करते ते पाहणे सोयीचे ठरेल. २.१३५ मीटर व्यासाच्या वर्तुळात ती पाठमोरी घसरत येते किंवा गिरकी घेते, पायांनी जमिनीला रेटा देते, तो रेटा नितंबांतून व कमरेतून वर चढतो, धड पिळले जाऊन उलगडते, आणि दंड व मनगट यांचे काम साखळीच्या अगदी शेवटी येते. एफ-५३ मधील खेळाडूकडे ही साखळी खांद्यापासून सुरू होते. पायांचा रेटा नाही आणि कमरेचा पीळ नाही. पोट व पाठ सावरून धरत नसल्यामुळे, गोळा पुढे ढकलताना शरीरच मागे किंवा बाजूला कलंडण्याचा धोका असतो, तो वेगळाच.

हा धोका टाळण्यासाठी फेकीची चौकट असते, आणि पॅरा गोळाफेकीचे निम्मे शास्त्र या चौकटीत आहे असे म्हटले तर ते फारसे वावगे होणार नाही. चाकांच्या खुर्चीतून उतरवून खेळाडूला एका धातूच्या आसनावर बसवले जाते. हे आसन पट्ट्यांनी आणि साखळ्यांनी वर्तुळात जमिनीशी घट्ट बांधलेले असते, त्याची उंची गादी धरून ७५ सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, आणि स्पर्धेपूर्वी पंच फूटपट्टी लावून ती मोजतात. पाय व मांड्या पट्ट्यांनी आवळून बांधल्या जातात. आसनाला एक उभा खांब जोडता येतो. तो सरळ आणि ताठ असावा लागतो, त्यात सांधा किंवा स्प्रिंग चालत नाही, कारण तसे झाल्यास वाकलेला खांबच खेळाडूला पुढे फेकू लागेल. मोकळ्या हाताने हा खांब धरायचा, त्याला ओढून घेत खांदा पुढे आणायचा आणि त्याच क्षणी दुसऱ्या हाताने गोळा सोडायचा, ही कृती धडाच्या हरवलेल्या ताकदीची काही अंशी भरपाई करते. फेकीदरम्यान मांडी आसनावरून उचलली गेली, तर फेक बाद ठरते. बांधण्या-सोडण्यात वेळ जात असल्याने उभ्याने फेकणाऱ्यांप्रमाणे प्रत्येकीने एकेक फेक करून विश्रांती घ्यायची असा क्रम येथे नसतो. एकदा बांधून घेतल्यावर फेकी लागोपाठ कराव्या लागतात आणि दमलेल्या खांद्याला उसंत मिळत नाही.

गोळ्याचे वजनही वेगळे असते. स्त्रियांच्या खुल्या गोळाफेकीत तो चार किलोंचा, तर एफ-५३ मध्ये तीन किलोंचा असतो. हवेचा रोध बाजूला ठेवून ढोबळ हिशेब केला, तर जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवरून सुटून साडेचार मीटरांपलीकडे पडणाऱ्या गोळ्याचा सुटतानाचा वेग सेकंदाला सहा मीटरांच्या आसपास येतो. वीस मीटर फेकणाऱ्या उभ्या खेळाडूच्या गोळ्याचा तो तेरा मीटरांहून अधिक असतो. वेग इतका कमी असला की फेकीचा सर्वांत लाभदायक कोन बेचाळीस अंशांवरून सदतिसाच्या जवळ उतरतो, आणि गोळा कोणत्या उंचीवरून सुटला याला एकूण अंतरात मोठा वाटा मिळतो. याच हिशेबाने सुटण्याची उंची दहा सेंटिमीटरांनी वाढली, तर फेक सात-आठ सेंटिमीटरांनी लांबते. रिओत सुवर्ण आणि रौप्य यांच्यातील अंतर १५ सेंटिमीटरांचे होते, म्हणजे आसनाची उंची, गादीची जाडी, खांबाचा कोन आणि बसण्याचा ताठपणा यांवर पदकाचा रंग बदलू शकतो. अशा खेळात चौकट घडवणारा लोहार आणि पट्टे आवळणारा सहायक हे प्रशिक्षकाच्या बरोबरीचे ठरतात, जरी बातमीत त्यांचे नाव येत नसले तरी.

दीपा मलिक यांचा जन्म ३० सप्टेंबर १९७० रोजी हरियाणाच्या सोनिपत जिल्ह्यातील भैंसवाल येथे झाला. वडील लष्करात कर्नल होते आणि पुढे पती बिक्रमसिंह मलिक हेही लष्करी अधिकारीच, त्यामुळे आयुष्याचा मोठा भाग छावण्यांमधून गेला. लहानपणी एकदा मणक्यातील गाठीमुळे त्यांना दीर्घकाळ उपचार घ्यावे लागले होते. १९९९ मध्ये, कारगिलचे युद्ध चालू असताना आणि पती आघाडीवर असताना, ती गाठ पुन्हा उद्भवल्याचे निष्पन्न झाले. मज्जारज्जूवर तीन शस्त्रक्रिया झाल्या, खांद्यांच्या पात्यांमध्ये १८३ टाके पडले आणि छातीखालचे शरीर कायमचे लुळे झाले. तेव्हा त्या एकोणतिशीच्या उंबरठ्यावर होत्या आणि पदरी दोन लहान मुली होत्या, त्यांपैकी थोरलीच्या शरीराची एक बाजू बालपणीच्या अपघाताने अधू झालेली होती.

पुढचा टप्पा महाराष्ट्रात घडला. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) हे रणगाडा दलाच्या प्रशिक्षण केंद्राचे गाव. तेथे मलिक यांनी काही वर्षे ‘डीज प्लेस’ नावाचे उपाहारगृह आणि त्याच्या जोडीने जेवण पुरवण्याचा व्यवसाय चालवला. खेळाडू म्हणून त्यांची ओळख याच काळात, वयाच्या छत्तिशीच्या आसपास, झाली आणि तीही गोळाफेकीत नव्हे, पोहण्यात. २००६ मध्ये क्वालालंपूर येथे झालेल्या फेस्पिक स्पर्धेत, म्हणजे आशियाई पॅरा स्पर्धांच्या पूर्वसुरीत, त्यांनी उताणे पोहण्याच्या शर्यतीत रौप्यपदक मिळवले. २००८ मध्ये त्या प्रवाहाविरुद्ध एक किलोमीटर यमुना पोहून गेल्या. महाराष्ट्र शासनाने २००९-१० चा शिवछत्रपती पुरस्कार त्यांना दिला, ही गोष्ट नगरबाहेरच्या मराठी वाचकांच्या फारशी ध्यानात राहिलेली दिसत नाही.

पाण्यातून मैदानाकडे वळण्यामागे कोणकोणती कारणे असतील याचा तर्क करण्यापेक्षा या वर्गाच्या शरीराविषयी एक सर्वसाधारण माहिती नोंदवणे बरे. मज्जारज्जूला छातीच्या वरच्या भागात इजा झाली, तर इजेखालच्या शरीराला नीट घाम येत नाही, रक्तवाहिन्या गरजेनुसार आकुंचन-प्रसरण पावत नाहीत आणि शरीराचे तापमान राखणे कठीण होते. अशा शरीराला थंड पाण्यात दीर्घकाळ राहणे आणि भर उन्हात मैदानावर ताटकळणे हे दोन्ही सारखेच त्रासाचे. २००९ पासून मलिक यांनी फेकीच्या प्रकारांवर लक्ष केंद्रित केले. याच सुमारास त्यांनी हाताने चालवता येईल अशी बदल केलेली मोटारसायकल चालवली, ‘रेड द हिमालया’ व ‘डेझर्ट स्टॉर्म’ या मोटारींच्या खडतर शर्यतींत भाग घेतला, आणि वृत्तपत्रांना मुबलक छायाचित्रे मिळाली. या उपक्रमांचे धाडस नाकारण्याचे कारण नाही, परंतु त्यांच्या कारकिर्दीचे वृत्तांत बहुतेकदा या शर्यतींनी भरलेले असतात आणि चौकटीवर बसून रोज केलेल्या शेकडो निरस फेकींना त्यात एखाद्या वाक्याची जागा मिळते, ही तक्रार रास्त आहे.

भारतीय पॅरा खेळांच्या इतिहासात लष्कराचा वाटा आरंभापासून मोठा आहे. मुळात ही चळवळच युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांच्या उपचारांतून निघाली : इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान यांनी २९ जुलै १९४८ रोजी सोळा जायबंदी स्त्री-पुरुषांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली आणि १९६० मध्ये रोमला पहिले पॅरालिम्पिक झाले. भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे पोहण्यात मिळवणारे मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यातील जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले होते. १९८४ च्या स्पर्धेत भीमराव केसरकर यांनी भालाफेकीत आणि जोगिंदरसिंग बेदी यांनी गोळाफेकीत रौप्यपदके मिळवली. या सगळ्या यादीत २०१६ पर्यंत स्त्री नव्हती. २०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकला गेलेल्या दहा भारतीय खेळाडूंमध्ये एकही स्त्री नव्हती. मलिक सैनिक नव्हत्या, मात्र लष्करी कुटुंबातील असल्याने छावणीतील वास्तव्य, लष्करी वैद्यकीय सेवा आणि शिस्तीत वाढलेले घर त्यांच्या पाठीशी होते. मज्जारज्जूला इजा झालेल्या खेड्यातील एखाद्या मुलीला यांपैकी काहीच मिळत नाही, हेही त्यांच्या यशाचे मोल ठरवताना विसरता येत नाही.

आता वेळापत्रकाची गोष्ट. पॅरालिम्पिकमध्ये प्रत्येक वर्गासाठी प्रत्येक प्रकार खेळवणे अशक्य असते, कारण तसे केल्यास एकट्या गोळाफेकीच्या स्त्री-पुरुषांच्या मिळून कित्येक अंतिम फेऱ्या घ्याव्या लागतील आणि अनेकांत तीन-चार खेळाडूही जमणार नाहीत. म्हणून आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समिती दर चार वर्षांनी काही प्रकार वगळते, काही वर्ग एकत्र करते. वर्ग एकत्र केले की वेगवेगळ्या ताकदीच्या खेळाडूंची तुलना करण्यासाठी गुणांचे कोष्टक वापरावे लागते : फेकीचे अंतर त्या वर्गातील उत्तम कामगिरीशी ताडून त्याचे गुण काढायचे आणि अधिक गुण मिळवणाऱ्याला विजयी ठरवायचे. लंडनला ही पद्धत होती आणि तिचा घोळही तिथेच उघड झाला. एफ-३५ व एफ-३६ या वर्गांच्या एकत्रित थाळीफेकीत युक्रेनच्या मारिया पोमाझान यांना सुवर्णपदक दिल्यानंतर गुणांची आकडेमोड चुकल्याचे लक्षात आले आणि ते चीनच्या वू छिंग यांच्याकडे गेले. थाळी पडली तिथेच पडलेली होती, बदलले होते ते कोष्टक.

याच लंडनच्या कार्यक्रमात बसून फेकणाऱ्या मज्जारज्जू-इजाग्रस्त स्त्रियांसाठी गोळाफेकीचे गट एफ-५४ ते ५६ आणि एफ-५७-५८ असे होते. एफ-५३ ला स्वतंत्र स्थान नव्हते. आदल्या वर्षी, २०११ मध्ये, क्राइस्टचर्च येथील जागतिक स्पर्धेत मलिक यांनी गोळाफेकीत रौप्यपदक मिळवले होते, म्हणजे ज्या प्रकारात त्या जगात दुसऱ्या होत्या तो प्रकारच त्यांच्या वर्गासाठी पुढच्या पॅरालिम्पिकमध्ये नव्हता. आशियाई पॅरा स्पर्धांमधील त्यांची पदके पाहिली, तर चित्र आणखी स्पष्ट होते : २०१० मध्ये ग्वांगझू येथे भालाफेकीत कांस्य, २०१४ मध्ये इंचॉन येथे भालाफेकीतच रौप्य, २०१८ मध्ये जकार्ता येथे भालाफेक आणि थाळीफेक यांत प्रत्येकी एक कांस्य. चार आशियाई पदकांत गोळाफेकीचे एकही नाही. ज्या खेळाडूची ओळख गोळाफेकपटू म्हणून रूढ झाली तिची आशियातील कमाई मुख्यतः भाल्याची आहे, आणि यात विसंगती वाटली तरी ती नाही, कारण रिओच्या कार्यक्रमात स्त्रियांची भालाफेक एफ-५३ साठी नव्हती, गोळाफेक होती. चाळिशी ओलांडल्यावर एका अवजारावरून दुसऱ्यावर जाणे म्हणजे खांद्याला नवी सवय लावणे होय : भाल्यात हात मागून झटक्याने पुढे येतो, गोळा मात्र खांद्याजवळून ढकलावा लागतो, आणि धडाचा आधार नसलेल्या शरीरात या दोन हालचालींसाठी आसन, खांब व पट्टे यांची मांडणीही बदलावी लागते.

या तयारीच्या काळात भारतातील संघटनेची अवस्था चिंताजनक होती. गाझियाबाद येथील २०१५ च्या राष्ट्रीय स्पर्धेत अपंग खेळाडूंची राहण्या-खाण्याची जी आबाळ झाली तिची छायाचित्रे देशभर पोहोचली, आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय समितीने भारतीय पॅरालिम्पिक समितीला निलंबित केले. रिओपूर्वी ते निलंबन उठले. केंद्र सरकारच्या ऑलिम्पिक पदकवेध योजनेतून मलिक यांना साहाय्य मिळाले होते. रिओला गेलेल्या एकोणीस भारतीयांमध्ये तीन स्त्रिया होत्या. भारताने चार पदके मिळवली : उंच उडीत मरियप्पन थंगवेलू आणि भालाफेकीत देवेंद्र झाझरिया यांची सुवर्ण, मलिक यांचे रौप्य, आणि उंच उडीत वरुणसिंग भाटी यांचे कांस्य. पंचेचाळिसाव्या वर्षी केलेली ४.६१ मीटरची ती फेक मलिक यांची त्यावेळची वैयक्तिक सर्वोत्तम होती. हरियाणा सरकारने चार कोटी रुपयांचे पारितोषिक जाहीर केले आणि २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अर्जुन पुरस्कार त्यापूर्वीच, २०१२ मध्ये, मिळालेला होता.

रिओनंतर एखादी खेळाडू साहजिकच त्याच प्रकारात पुढच्या पॅरालिम्पिकची तयारी करील, परंतु टोकियोचा कार्यक्रम जाहीर झाला तेव्हा स्त्रियांच्या गोळाफेकीतून एफ-५३ पुन्हा गळाले होते. बसून फेकणाऱ्या मज्जारज्जू-इजाग्रस्तांसाठी तेथे एफ-५४ आणि एफ-५७ एवढेच उरले. एफ-५३ साठी थाळीफेक ठेवलेली होती, आणि जकार्ताचे थाळीफेकीचे कांस्य याच संदर्भात वाचावे लागते. २०१९ मध्ये त्यांना राजीव गांधी खेलरत्न पुरस्कार मिळाला. पॅरा खेळाडू स्त्रीला तो प्रथमच मिळत होता. त्यानंतर त्या भारतीय पॅरालिम्पिक समितीच्या अध्यक्ष झाल्या, आणि सक्रिय खेळाडूला पदाधिकारी होता येत नाही या राष्ट्रीय क्रीडा संहितेतील अटीमुळे आपण निवृत्त झाल्याचे त्यांनी मे २०२० मध्ये जाहीर केले. ज्या समितीच्या कारभाराचा फटका खेळाडूंना बसत होता तिचीच सूत्रे एका खेळाडूकडे गेली, आणि त्यांच्या कारकिर्दीत टोकियोला भारताची पदके चारवरून एकोणीसवर गेली. या वाढीचे सर्व श्रेय एका व्यक्तीला देणे अर्थातच बरोबर नाही. सरकारी निधी, खासगी संस्थांचे साहाय्य आणि नव्या पिढीतील खेळाडूंची संख्या यांचा त्यात मोठा भाग होता. २०२४ मध्ये अध्यक्षपद देवेंद्र झाझरिया यांच्याकडे गेले, म्हणजे पुन्हा एका फेकपटूकडेच.

त्याच वर्षी पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये सांगली जिल्ह्यातील सचिन खिलारी यांनी पुरुषांच्या एफ-४६ गोळाफेकीत १६.३२ मीटर फेक करून रौप्यपदक मिळवले. या वर्गात एका हातात उणीव असलेले खेळाडू उभ्यानेच फेकतात, म्हणून त्या आकड्याची मलिक यांच्या आकड्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. स्त्रियांमध्ये नांदेड जिल्ह्यातील भाग्यश्री जाधव या एफ-३४ वर्गात बसूनच गोळा फेकतात, पण त्यांचा वर्ग मज्जारज्जूच्या इजेचा नसून स्नायूंच्या ताठरपणाचा व समन्वयाच्या अभावाचा आहे. अशा खेळाडूंमध्ये धड पुष्कळ साथ देते आणि अडचण प्रामुख्याने पायांत असते. टोकियोत ७ मीटरांच्या फेकीने त्या सातव्या आल्या, हांगझू येथील आशियाई पॅरा स्पर्धेत त्यांनी ७.५४ मीटर फेकून रौप्यपदक मिळवले, २०२४ मध्ये कोबे येथील जागतिक स्पर्धेतही त्यांना रौप्य मिळाले, आणि पॅरिसच्या उद्‌घाटन संचलनात सुमित अंतिल यांच्यासह त्यांनी भारताचा ध्वज धरला. प्रत्यक्ष स्पर्धेत ७.२८ मीटर फेकून त्या पाचव्या आल्या. रिओनंतर पॅरिसपर्यंत पॅरालिम्पिक गोळाफेकीत दुसऱ्या कोणाही भारतीय स्त्रीला पदक मिळालेले नाही, आणि पॅरिसच्या कार्यक्रमातही स्त्रियांची एफ-५३ गोळाफेक नव्हती.